सुवर्ण गुणोत्तर आणि सोमनाथपूर : एक दुरुस्ती

या वर्षी संपादकांचा फोन आला आणि नेहमीप्रमाणे "काका, दोन पानं तरी द्याच" असा प्रेमळ हुकूम झाला. एरवी मी विषय काय, शब्द किती, असे आढेवेढे घेतो. या वेळी घेतले नाहीत. आपल्या वाचकांचे एक जुने देणे माझ्याकडे बाकी आहे, ते फेडायचे आहे.

ज्यांच्याकडे २००७ सालची स्मरणिका असेल (आमच्याकडे माळ्यावर आहे, आमच्या हिने ती दोनदा रद्दीतून परत काढली) त्यांना तीत माझा 'सोमनाथपूरचे सुवर्ण रहस्य' हा लेख सापडेल. त्यात मी छातीठोकपणे लिहिले होते की, सोमनाथपूरचे केशव मंदिर सुवर्ण गुणोत्तरावर बांधलेले आहे, ग्रीकांनी पार्थेनॉनमध्ये वापरले तेच गुणोत्तर आपल्या शिल्पींनीही वापरले, आणि हे सारे आपल्या पूर्वजांना आधीपासूनच ठाऊक होते. लेखाचे कौतुक झाले. आरतीनंतर दोघा-तिघांनी हात हातात घेऊन "अभिमान वाटला" असे सांगितले. एकाने आपल्या कानडी सहकाऱ्यांना वाचायला देण्यासाठी इंग्रजी भाषांतर मागून नेले. मीही खूश होतो.

तो लेख चुकीचा होता. तपशिलात इकडेतिकडे नव्हे, गाभ्यातच.

हे मला कळले ते असे. पुढच्या वर्षी श्रावणात आपल्याच मंडळातल्या एका कुटुंबातली, नववीत शिकणारी मुलगी आजीबरोबर आमच्याकडे आली. हातात स्मरणिका, लेखातल्या ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने माझ्या लेखावरून मोठा तक्ता केला होता. परीक्षकांनी तिला एकच गोष्ट विचारली : गुणोत्तर म्हटले की दोन लांब्या आल्या, त्या कोणत्या दोन? तिला सांगता येईना. "काकांनी लिहिलंय," एवढेच ती म्हणाली, आणि तिथे जमलेले सगळे हसले. आजी हे सगळे रागारागाने सांगत होती. मुलगी मात्र शांत होती. तिने वही उघडली आणि विचारले, "काका, तुम्ही कुठून कुठपर्यंत मोजलं होतं?"

मी मोजलेच नव्हते. ज्या माणसाने उभी नोकरी प्रयोगशाळेत, उपकरणांची मापे पडताळण्यात काढली, त्याने मंदिराचा एक फोटो संगणकावर घेतला होता, त्यावर तयार सोनेरी चौकट ठेवली होती आणि ती बसेपर्यंत ओढली होती. बसत नव्हती तेव्हा खालचा चौथरा वगळला होता. त्या काळी अशा चित्रांच्या ईमेल रोज यायच्या. २००३ साली 'द दा विंची कोड' ही कादंबरी आली, २००६ साली तिच्यावर सिनेमा निघाला, आणि जो तो १.६१८ शोधू लागला होता. मीही त्यातलाच. जगन्मोहन राजवाड्यात हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' हे चित्र आहे (पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना आपण सगळेच ते दाखवतो आणि "हे सावंतवाडीच्या माणसानं काढलंय बरं का" हे सांगायला विसरत नाही), त्यातल्या बाईच्या हातातल्या दिव्यावरसुद्धा मी एक सोनेरी वेटोळे बसवून पाहिले होते. तेही बसले. कुठेही बसते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तर आधी हे गुणोत्तर म्हणजे काय ते पाहू. एक काठी घ्या आणि तिचे दोन तुकडे असे करा की, अख्खी काठी मोठ्या तुकड्याच्या जितकी पट, तितकीच पट मोठा तुकडा लहान तुकड्याच्या असेल. हे फक्त एकाच ठिकाणी तोडून साधते. ती पट म्हणजे १.६१८०३... अशी न संपणारी संख्या. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने ही विभागणी आपल्या ग्रंथात सांगितली. पण त्याने ती भूमितीची एक रचना म्हणून सांगितली. सौंदर्याचा त्यात उल्लेख नाही. १५०९ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या गणिती भिक्षूचा 'दैवी प्रमाण' या अर्थाच्या नावाचा ग्रंथ छापला गेला, त्यातल्या आकृत्या लिओनार्दो दा विंचीने काढल्या होत्या. आणि ज्या 'सुवर्ण' शब्दाने आपण भारावून जातो तो छापलेला आढळतो १८३५ साली, मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या पुस्तकात. विजेच्या रोधाचा नियम ज्याच्या नावाने आपण शाळेत शिकलो त्या ओमचा हा धाकटा भाऊ. पुढे १८५४ मध्ये आडोल्फ झायझिंग याने मानवी देह, वनस्पती, देवळे, सगळीकडे हेच गुणोत्तर आहे असा सिद्धांत मांडला. आपल्याला येणाऱ्या ईमेलचे मूळ या झायझिंगपर्यंत जाते. म्हणजे ज्याला मी 'प्राचीन रहस्य' म्हटले होते त्याचे वय आपल्या आगगाडीएवढे आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली, पुढच्या वर्षी झायझिंगचे पुस्तक आले.

आणि पार्थेनॉन? ते इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ या काळात बांधले गेले. त्याच्या चौथऱ्याची वरची पायरी सुमारे ३०.९ मीटर रुंद आणि ६९.५ मीटर लांब आहे. भागाकार करून पाहा : २.२५, म्हणजे नऊला चार. हेच ४:९ प्रमाण त्या इमारतीत पुन्हा पुन्हा भेटते. पुस्तकांतल्या चित्रांत जी सोनेरी चौकट दिसते ती कधी खालच्या पायरीपासून सुरू होते, कधी वरच्या पायरीपासून, आणि तिचे वरचे टोक आज शिल्लक नसलेल्या छपराच्या कल्पित शिखरावर टेकवावे लागते. मी चौथरा वगळला होता, तशीच ही युक्ती. पिरॅमिडचे प्रकरण थोडे निराळे आहे. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या तिरप्या बाजूची उंची आणि पायाची निम्मी रुंदी यांचा भागाकार खरोखरच १.६१८ च्या अगदी जवळ येतो. पण इजिप्तचे गवंडी उतार मोजत ते हाताला, म्हणजे सात मुठींच्या उंचीला, किती मुठी आत जायचे अशा हिशेबाने. इथे तो साडेपाच मुठी आहे. साडेपाचाला सात धरले की तो भागाकार आपोआप येतो. सोन्याचा शोध घ्यायची त्यांना गरज पडली नाही.

असो. ग्रीस-इजिप्त लांब राहिले, सोमनाथपूर आपल्यापासून तासाभरावर आहे. मुलीच्या प्रश्नानंतरच्या रविवारी मी, ती आणि तिची आजी बन्नूरच्या बसने तिथे गेलो. तेव्हापासून आजवर किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलेले नाही. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, भिंतींना टेप लावत बसणे बरे नव्हे आणि गरजही नाही; आराखडे छापलेले आहेत. जायचे ते पाहायला.

होयसळ राजा तिसरा नरसिंह याचा दंडनायक सोमनाथ याने १२५८ साली हे मंदिर उभे केले आणि गाव वसवून त्याला स्वतःचे नाव दिले. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहून झाली त्याच्या ३२ वर्षे आधी. देवगिरीवर यादव होते आणि त्यांची व होयसळांची सीमेवरची भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. तिकडे आपल्याकडे काळ्या बसाल्टची, चुन्याशिवाय रचलेली, ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो ती भक्कम देवळे उभी राहत होती. इकडे शिल्पींच्या हाताशी मऊ दगड होता. त्याला कानडीत 'बळपद कल्लु' म्हणतात. बळप म्हणजे पाटीवरची पेन्सिल. खाणीतून निघताना नरम, हवेत राहिला की कठीण. म्हणूनच मूर्तीच्या बोटातल्या अंगठीवरची नक्षीसुद्धा तिथे कोरता आली. मूर्तींखाली शिल्पींच्या सह्या आहेत, त्यांत मल्लितम्मा हे नाव पुन्हा पुन्हा येते. गाभारे तीन : पश्चिमेला केशव, उत्तरेला जनार्दन, दक्षिणेला वेणुगोपाल. केशवाची मूळ मूर्ती आता नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर ही तीन ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, तेव्हा आपल्या मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला होता. त्या दिवशी कोणीतरी माझा जुना लेखही फोटो काढून पाठवला. मी फोन बंद करून ठेवला.

आता मुद्दा. तिन्ही गाभाऱ्यांचा बाहेरचा आकार सोळा टोकांच्या ताऱ्याचा आहे. हा तारा कसा काढायचा? जमिनीत खुंटी ठोका, तिला दोरी बांधून वर्तुळ काढा. वर्तुळात एक चौरस बसवा. मग तोच चौरस वर्तुळाच्या मध्याभोवती साडेबावीस अंशांनी फिरवा, आणखी एकदा फिरवा, आणखी एकदा. चार चौरसांचे सोळा कोपरे. अंश वगैरे माहीत असण्याची गरज नाही. काटकोन निम्मा करायचा, तो पुन्हा निम्मा करायचा, झाले. दोरी दुमडली की निम्मे होते, हे कोणाही सुताराला येते.

सुवर्ण गुणोत्तर कोणत्या आकृतीत आपसूक येते हे गणितात पक्के ठरलेले आहे : पंचकोनात. नियमित पंचकोनाचा कर्ण आणि बाजू यांचा भागाकार म्हणजेच १.६१८. पाच आले की ते येते. चौरस, अष्टकोन, सोळा टोकांचा तारा, म्हणजे दुपटी-दुपटीने वाढणारी ही मंडळी, यांच्या घरात मात्र त्याचा वावर नाही. तिथे राज्य चालते ते दोनाच्या वर्गमुळाचे, १.४१४ चे. चौरसाच्या कर्णाचे ते माप. आणि हे माप आपल्याकडे किती जुने! यज्ञवेदी बांधण्यासाठी रचलेल्या शुल्बसूत्रांत, बौधायनाच्या ग्रंथात ते काढायची रीत आहे : एकात त्याचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. उत्तर येते १.४१४२१५६..., खऱ्या संख्येशी पाच दशांश स्थळांपर्यंत जुळणारे. शुल्ब म्हणजे दोरी. ज्या दोरीने वेदी आखली त्याच दोरीने पुढे देवळाचा तारा आखता आला.

सोमनाथपूरच्या अंगणात आजीला सावलीत बसवून मी हे मुलीला सांगत होतो, तेव्हा तिने हातातल्या वहीकडे पाहिले आणि विचारले, "मग हा कागद?" ए-चार कागद २९७ मिलिमीटर लांब, २१० रुंद. भागाकार १.४१४. तो मधोमध दुमडला तरी त्याचे प्रमाण तेच राहते, म्हणून तर ते माप जगभर घेतले. ज्या स्मरणिकेत मी १.६१८ चे गोडवे गायले होते, तिचे पानच १.४१४ चे होते. आजीला यातले काय समजले कोण जाणे, पण ती खूप हसली.

मग शिल्पशास्त्रे काय सांगतात? माझ्या जुन्या लेखात मी 'आपल्या शिल्पशास्त्रांतही' असे मोघम लिहून सटकलो होतो. निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून भाषांतरे घेऊन बसलो. 'मानसार' आणि 'मयमत' हे दक्षिणेतले दोन प्रसिद्ध वास्तुग्रंथ. त्यांत सुवर्ण गुणोत्तर सांगितलेले नाही. मानसारात इमारतीची उंची रुंदीच्या किती पट असावी याचे पाच प्रकार दिले आहेत : रुंदीइतकीच, सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट आणि दुप्पट. ही यादी वाचली आणि मला एकदम वडिलांचा आवाज ऐकू आला. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, औटकी! आमच्या पिढीतल्या ज्यांनी संध्याकाळी परवचा म्हटला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. शिल्पींचे गणित हे आपल्या पाढ्यांचे गणित आहे. त्यात १.६१८ दीड आणि पावणेदोन यांच्या मधल्या फटीत पडते, आणि त्या फटीसाठी पाढा नाही.

मोजमाप शुभ आहे की अशुभ हे ठरवायची जी रीत त्या ग्रंथांत आहे, तीही पूर्णांकांचीच. तिला आयादी म्हणतात. लांबीला आठने गुणून बाराने भागा, बाकी उरेल तो आय, म्हणजे जमा. रुंदीला नवाने गुणून दहाने भागा, बाकी उरेल तो व्यय. जमा खर्चाहून जास्त असली पाहिजे. घर बांधताना आजही तोच नियम लागू आहे, हा भाग निराळा. याच रीतीने नक्षत्र, वार, तिथीसुद्धा काढतात. हा सगळा खेळ 'बाकी काय उरली' याचा आहे. ज्या संख्येचा अपूर्णांक कधी संपतच नाही ती घेऊन बसलेल्या शिल्पीला बाकी काढता येईना आणि काम सुरू होईना.

मूर्तींचे माप त्याहून सुंदर आहे. त्याला तालमान म्हणतात. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, तालाची बारा अंगुळे. हे अंगूळ बाजारातल्या पट्टीवरचे नसते, मूर्तीच्या स्वतःच्या उंचीतूनच काढायचे असते. म्हणून तेच प्रमाण वीतभर मूर्तीलाही चालते आणि दहा पुरुष उंच मूर्तीलाही. नवताल मूर्ती १०८ अंगुळांची, उत्तम दशताल १२४ अंगुळांची. बालमूर्तीला मोठ्या माणसाचा ताल लावत नाहीत, तिचा निराळा. २०२४ च्या जानेवारीत अयोध्येत जी बालरामाची मूर्ती बसली ती आपल्या म्हैसूरच्या अरुण योगीराज यांनी घडवलेली, ५१ इंच उंचीची, आणि दगडही म्हैसूर परिसरातला. त्यांच्या घरात ही कला पाच पिढ्यांची. म्हणजे हा विषय आपल्या शहरात अजून पोटापाण्याचा आहे, संग्रहालयात गेलेला नाही.

झायझिंगचा लाडका दावा असा होता की, माणसाची बेंबी त्याच्या उंचीचे सुवर्ण विभाजन करते. मीही तो जसाच्या तसा उतरवला होता. आता शुक्रनीतीतले नवताल मोजमाप पाहा. चेहरा १२, मान ४, मानेपासून हृदय १२, हृदयापासून बेंबी १२, तिथून जांघेपर्यंत १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, पाऊल ४. बेरीज १०८. बेंबीपासून जमिनीपर्यंत किती? ६८. आता १०८ ला ६८ ने भागा : १.५८८. बेंबीच्या वरचा भाग ४० अंगुळे. ६८ ला ४० ने भागा : १.७. सुवर्ण विभाजन असते तर दोन्ही उत्तरे सारखी आली असती. (आपल्या खिशातल्या एटीएम कार्डाचे प्रमाण १.५८६ आहे, त्यालाही लोक सुवर्ण म्हणतात. कार्ड नवतालाच्या जास्त जवळ आहे. यावरून कोणी बँकेने शुक्रनीती वाचली असे सिद्ध करू नये!)

अंगूळ म्हणजे नेमके किती, याचे एक जुने उत्तर तर आपल्या म्हैसूरमध्येच सापडले. १८९१ साली स्थापन झालेल्या इथल्या प्राच्य ग्रंथालयात, ज्याला आज ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणतात, ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ साली कौटिलीय अर्थशास्त्राची ताडपत्रावरची पोथी आली आणि १९०९ मध्ये त्यांनी तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्यात मापांचा स्वतंत्र अध्याय आहे. आठ यवांच्या मधल्या जाडीचे एक अंगूळ, बारा अंगुळांची वितस्ती म्हणजे आपली वीत, दोन वितींचा हात. १०८ अंगुळांचे एक खास धनुष्यमाप रस्ते आणि तटबंदी यांच्यासाठी आहे. मूर्तीची १०८ आणि तटाची १०८, संख्या एकच, पण त्यावरून नवा सिद्धांत मांडायचा मोह मी या वेळी आवरला आहे.

आणि आपले बाप्पा? गणपती पंचताल, म्हणजे ६० अंगुळांचा. मुम्मडी कृष्णराज वोडेयर यांच्या आश्रयाने तयार झालेल्या 'श्रीतत्त्वनिधी' या सचित्र ग्रंथात गणपतीची ३२ रूपे आहेत, आणि नंजनगूडच्या श्रीकंठेश्वर मंदिरात ती दगडात पाहायला मिळतात. हे वाचल्यावर मी आमच्या घरच्या मूर्तीला दोरा लावून पाहिला. चेहऱ्याची लांबी घ्यायची ती केसांपासून हनुवटीपर्यंत. पण गणपतीची हनुवटी सोंडेमागे! वरून मुकुट धरायचा की सोडायचा, खाली पाट धरायचा की नाही? पुन्हा तोच प्रश्न, कुठून कुठपर्यंत. आमची ही म्हणाली, "देवाला मोजताय काय, नैवेद्याचं बघा." तर शास्त्रात सोय अशी आहे की चेहऱ्यापासून सुरुवात करायचीच नाही. आधी अख्खी उंची ठरवायची, तिचे साठ भाग करायचे आणि मग खाली उतरायचे. घडवणाऱ्याला हे सोपे. घडलेली मूर्ती मोजणाऱ्यालाच ते अवघड जाते. मी आयुष्यभर घडलेल्या वस्तू मोजत आलो, त्यामुळे ही उलटी बाजू मला साठी उलटल्यावर दिसली.

इतके सगळे नाकारल्यावर, आपल्याकडे या गुणोत्तराचा काहीच संबंध नाही का, असे कोणी विचारेल. संबंध आहे, पण तो दगडात सापडत नाही, कवितेत सापडतो. मोरोपंतांच्या आर्या शाळेत पाठ केलेल्यांना मात्रा ठाऊक आहेत : लघु एक, गुरु दोन. चार मात्रांची जागा किती प्रकारे भरता येईल? दोन गुरु, गुरु आणि मग दोन लघु, मधे गुरु, शेवटी गुरु, चारही लघु. पाच प्रकार. तीन मात्रांचे प्रकार तीन. मग पाच मात्रांचे? शेवटचे अक्षर लघु असेल तर त्याआधी चार मात्रा, म्हणजे पाच प्रकार. ते गुरु असेल तर त्याआधी तीन मात्रा, म्हणजे तीन प्रकार. एकूण आठ. अशी १, २, ३, ५, ८, १३, २१ ही माळ तयार होते; आधीच्या दोन मिळवा, पुढची येते. हा नियम प्राकृत छंदांवर लिहिणाऱ्या विरहांकाने सांगितला, आणि गुजरातेत कुमारपाळ राजाच्या काळात, ११५० च्या सुमारास, जैन आचार्य हेमचंद्राने पुन्हा स्पष्ट मांडला. इटलीतल्या फिबोनाचीने सशांच्या जोड्यांचे उदाहरण घेऊन हीच माळ लिहिली ती १२०२ साली. या माळेतल्या लागोपाठच्या दोन संख्यांचा भागाकार पुढे पुढे १.६१८ कडे सरकतो : १३ भागिले ८ म्हणजे १.६२५, २१ भागिले १३ म्हणजे १.६१५, ३४ भागिले २१ म्हणजे १.६१९. पण हेमचंद्राला हा भागाकार करायचे कारणच नव्हते. त्याला वृत्ते मोजायची होती. ते सरकणे केप्लरने १६११ मध्ये नोंदवले. म्हणजे संख्या आपल्याकडे आधी होत्या, हे खरे. सुवर्ण गुणोत्तर होते, असे त्यावरून म्हणता येत नाही. माझ्या २००७ च्या लेखात मी या दोन वाक्यांमधले अंतर एका उडीत ओलांडले होते.

आणि ज्याला भारतात हे गुणोत्तर हेतुपुरस्सर वापरलेले पाहायचे असेल त्याने चंदीगडला जावे. ल कॉर्बुझिए याने माणसाच्या उंचीवरून आपली एक मापपद्धती बनवली होती : उंची १८३ सेंटिमीटर, बेंबी ११३ वर. भागा, १.६१९ येते. १९५० च्या दशकात त्याने तिथल्या इमारतींची मापे या पद्धतीने बसवली. तिथे कुठून कुठपर्यंत मोजायचे हा वाद उरत नाही, कारण बांधणाऱ्यानेच ते लिहून ठेवले आहे. खरे म्हणजे झायझिंगच्या बेंबीला शेवटी खरी इमारत मिळाली ती आपल्याच देशात, याची मला गंमत वाटते.

दुरुस्ती छापायला इतकी वर्षे का लावली, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. खरे कारण संकोच. "अभिमान वाटला" म्हणणाऱ्यांतले दोघे आता नाहीत, त्यांना हे सांगायचे राहून गेले. कानडी सहकाऱ्यांसाठी भाषांतर नेणारे गृहस्थ बदलीवर भोपाळला गेले. ते भाषांतर कुठवर पोहोचले असेल देव जाणे. परगावी राहताना आपल्या वाडवडिलांचे काही थोर सांगावेसे वाटते, त्यात वाईट काही नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी अक्षरे कोरलेली पाहिली की आपला ऊर भरून येतोच. ती अक्षरे तिथे आहेत, कोणीही जाऊन वाचावी. माझी चौकट तशी नव्हती.

ती मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरी करते. हा लेख छपाईला देण्याआधी मी तिला पाठवला. तिने दोन तासांत उत्तर दिले, एक आकडा सुधारून (बेंबीच्या हिशेबात मी गुडघा धरायला विसरलो होतो), आणि खाली लिहिले, "काका, या वेळी तक्त्यासाठी आकृती पण द्या."

आकृती देण्याऐवजी संपादकांशी बोलून दुसरे ठरवले आहे. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मंडपासमोरच्या फरशीवर मुलांना सोमनाथपूरचा सोळा टोकांचा तारा खऱ्या आकारात नाही, पण सहा हात व्यासाचा काढायला शिकवायचा आहे. प्रत्येक गटाने तीन हात न ताणणारी सुतळी, एक मोठा खिळा आणि रांगोळी आणावी. पट्टी, कंपास आणि मोबाईल आणू नये. सुतळी आदल्या रात्री भिजवून वाळवून घेतली तर बरी, नाहीतर चौथा चौरस पहिल्याशी जुळत नाही. आमच्या गच्चीवर माझे तीन तारे असेच फुकट गेले.